खाणीनंतरचा खोकला

कोळशावरची वीज टप्प्याटप्प्यानं कमी करायची आणि सूर्य-वाऱ्याची वाढवायची, यावर आता फारसा वाद राहिलेला नाही. वाद आहे तो किती वर्षांत आणि कोणाच्या पैशानं, यावर. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत भारतानं २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचं उद्दिष्ट जाहीर केलं. दुसरीकडं, २०२४-२५ या वर्षात देशातलं कोळशाचं उत्पादन शंभर कोटी टनांच्या पुढं गेलं. म्हणजे कोळसा उद्या संपणार नाही. पण तो थांबायला सुरुवात होईल तेव्हा खाणपट्ट्यातल्या माणसांचं काय, हा प्रश्न आतापासूनच चर्चेत आहे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रस्तावनेतही कामगारांसाठीच्या ‘न्याय्य संक्रमणा’चा उल्लेख आहे. या चर्चेत मेगावॉट असतात, कोटी रुपये असतात, टनांत मोजलेला कार्बन असतो. छातीचा एक्स-रे मात्र क्वचितच असतो.

कोळशाची खाण आजऱ्यापासून शेकडो किलोमीटर लांब. मग इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं यात का पडावं? कारण असं एक संक्रमण आपल्या तालुक्यानं अनुभवलं आहे, फक्त त्याला तेव्हा कोणी हे नाव दिलं नव्हतं. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या पट्ट्यातल्या कितीतरी घरांतला एक माणूस तेव्हा परळ-लालबागच्या खोलीत पाळीपाळीनं झोपत होता आणि त्याच्या मनीऑर्डरीवर गावाकडची चूल पेटत होती. संप संपला असं कोणी कधी जाहीर केलं नाही. गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या आणि माणसं गावी आली. घरासाठीचे त्यांचे अर्ज आणि मोर्चे सर्वांना माहीत आहेत. त्यांच्याबरोबर गावी आलेल्या खोकल्याची मात्र कुठंच नोंद झाली नाही.

कापसाच्या धुळीनं होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. कापूस फोडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यात त्याचा धोका सर्वांत जास्त. सुरुवातीला त्याची एक खूण असते: रविवारच्या सुट्टीनंतर सोमवारी कामावर गेलं की छाती आवळून येते आणि आठवडा सरेल तसं बरं वाटतं. पुढं ही खूण पुसली जाते आणि बाराही महिने दम लागतो. पंचाईत अशी की बिसिनोसिसचं एक्स-रेवर स्वतःचं असं चित्र नसतं. माणूस कुठं, कोणत्या खात्यात, किती वर्षं कामाला होता हे समजल्याशिवाय निदानच होत नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्याच्या व्यावसायिक रोगांच्या यादीत बिसिनोसिसचं नाव होतं, म्हणजे भरपाईचा हक्क कागदावर होता. पण विम्याचं कार्ड नोकरीला बांधलेलं. नोकरी गेली, परळचं कामगार रुग्णालय चारशे किलोमीटर मागं राहिलं आणि गावात तो माणूस ‘दमेकरी म्हातारा’ झाला. बदली कामगारांची गोष्ट तर आणखी अवघड. आज या गिरणीत, उद्या त्या गिरणीत. धूळ तीच, पण सलग नोकरीचा पुरावा नाही.

चंद्रपूर, वणी, उमरेड या पट्ट्याबद्दल वाचताना मला ही बदली माणसं आठवतात.

महाराष्ट्रातला कोळसा मुख्यतः चंद्रपूर, यवतमाळ आणि नागपूर या तीन जिल्ह्यांत आहे. वरोऱ्याला इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच खाण काढली होती आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती बंदही झाली. १९७३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर इथल्या खाणी सरकारकडं आल्या. आज त्यातल्या बहुतेक वेस्टर्न कोलफील्ड्स चालवते. चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॉटचं. तिथले २१० मेगावॉटचे पहिले दोन संच आधीच बंद झाले आहेत, त्यांच्या मागचे त्याच क्षमतेचे दोन चाळिशीला आले आहेत, तर ५०० मेगावॉटचे शेवटचे दोन अजून तरुण आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना प्रदूषणाचे गुण दिले. त्यात चंद्रपूरला १०० पैकी ८३.८८ मिळाले आणि ते देशात चौथं आलं. कोळशाच्या रस्त्याकडेच्या शेतांत धूळ बसून कापूस काळा पडतो आणि भाव उतरतो, ही तिथल्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. कापसावर बसते ती धूळ निदान दिसते तरी.

जी दिसत नाही ती जास्त घातक. केसाची जाडी साधारण ७० मायक्रॉन असते. १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात आणि घशात अडकतात आणि शेंबूड-बेडक्यातून बाहेर पडतात. पाचच्या आतले कण थेट फुप्फुसाच्या टोकाला, जिथं रक्तात प्राणवायू मिसळतो त्या फुग्यांपर्यंत जातात. तिथं झाडलोट करणाऱ्या पेशी असतात. त्या कोळशाचा कण गिळतात, पण पचवू शकत नाहीत. मरताना त्या आजूबाजूला दाह निर्माण करतात आणि त्या जागी व्रण भरावा तसा घट्ट तंतूंचा चट्टा तयार होतो. चट्टा ताणत नाही, म्हणजे तेवढं फुप्फुस श्वासातून वजा झालं. याला कोळसा कामगारांचा न्यूमोकोनिओसिस म्हणतात. कोळशाच्या थरावरचा खडक फोडताना वाळूतली सिलिका उडाली असेल तर काम आणखी लवकर बिघडतं आणि क्षयरोगाचा धोकाही वाढतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट धोरणाच्या कागदांत सापडत नाही. काम सोडलं म्हणून हा आजार थांबत नाही. धूळ आतच राहिलेली असते. काही जणांमध्ये लहान चट्टे एकमेकांना मिळून मोठे होत जातात आणि हे खाण सोडल्यानंतरही चालू राहतं. चट्टा विरघळवणारं औषध नाही. म्हणून खाणीला टाळं लागलं त्या दिवशी खाणीचा खर्च संपला, असं समजणं वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. आजाराचा खर्च त्यानंतरची पंधरा-वीस वर्षं वाढत जाणार असतो आणि नेमक्या त्याच वेळी पगार, वसाहतीतलं घर, कंपनीचा दवाखाना हे सगळं सुटलेलं असतं.

कायम कामगाराला काही आधार आहे. कोळसा खाण भविष्य निर्वाह निधी १९४८ पासून आहे, १९९८ पासून पेन्शन आहे, निवृत्तीनंतरची वैद्यकीय योजना आहे. १९५२ च्या खाण कायद्यानं न्यूमोकोनिओसिस कळवणं बंधनकारक केलं आणि ठरावीक काळानं छातीचा एक्स-रे काढून तपासणी करण्याची पद्धत आहे. पण आजच्या उघड्या खाणींत माती उपसण्याचं आणि कोळसा वाहण्याचं बरंच काम कंत्राटदारांकडं असतं. डंपरचा चालक, ड्रिलवरचा पोरगा, सायडिंगवर वॅगन भरणारे, औष्णिक केंद्रात राख काढणारे. ठेकेदार बदलला की माणसाची नोंद नव्यानं सुरू होते. धूळ मात्र जुन्या हिशेबातच साठत राहते.

तपासणीतही एक मेख आहे. छातीत सावली, वजन कमी, जुना खोकला हे चित्र दिसलं की आपल्या देशात पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि यावा, कारण तो सर्रास आहे आणि बरा होतो. पण थुंकीत जंतू नसताना, कामाचा इतिहास न विचारता सहा महिन्यांची औषधं सुरू झाली, तर धुळीचा आजार क्षयाच्या रजिस्टरमध्ये गडप होतो. दुसरी पळवाट बिडीची. बिडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसाला बिडीनं इजा होतेच, पण म्हणून धुळीला क्लीन चिट मिळत नाही. दोन्ही एकत्र असली की इजा जास्तच होते.

मग खाणी आणि औष्णिक केंद्रं बंद होणं आरोग्याला चांगलं की वाईट? दोन्ही. आणि दोन्हीचे आकडे आहेत. अमेरिकेत यूटा राज्याच्या एका खोऱ्यात पोलादाचा मोठा कारखाना १९८६-८७ मध्ये वादामुळं १३ महिने बंद राहिला. तो चालू असतानाच्या हिवाळ्यांत ब्राँकायटिस आणि दम्यासाठी इस्पितळात भरती होणाऱ्या मुलांची संख्या बंद काळाच्या दुप्पट-तिप्पट होती. धूर थांबला की फायदा पहिल्याच हिवाळ्यात दिसतो, वाट पाहावी लागत नाही. पण त्याच देशातल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या जुन्या, कायम कामगारांचा दुसरा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. कारखान्यातली कपात होऊन नोकरी गेलेल्या पुरुषांचा मृत्युदर पुढच्या वर्षात ५० ते १०० टक्क्यांनी वाढलेला आढळला आणि वीस वर्षांनंतरही तो १० ते १५ टक्क्यांनी जास्तच होता. बेकारी हा शरीराचाही आजार आहे. रक्तदाबाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून बंद होतात, दारू वाढते, झोप जाते. गिरणीतून परतलेल्यांच्या घरी हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना पेनसिल्व्हेनियाच्या आकड्यांचं नवल वाटणार नाही.

म्हणजे मुलांना मिळणारी स्वच्छ हवा आणि बापाचं गेलेलं काम हे एकाच घरात घडतं. न्याय्य संक्रमणाचा माझ्या मते इतकाच अर्थ आहे की पहिल्याची किंमत दुसऱ्याकडून वसूल करायची नाही.

इथं आजऱ्याचा गिरणी कामगार आणि राजुरा-भद्रावतीचा खाण कामगार यांच्यात एक मोठा फरक आहे. आपला माणूस परत आला तेव्हा त्याच्याकडं घनसाळ पिकवण्याएवढं का होईना, वावर होतं. खाणपट्ट्यात जमीनच खाणीखाली गेली आहे. कोल इंडियाच्या पुनर्वसन धोरणानुसार साधारण दोन एकरांमागं एका माणसाला नोकरी, असा हिशेब राहिला आहे. एका पिढीनं शेत देऊन नोकरी घेतली. ती नोकरी मुलाला मिळेल असं नाही, आणि खाण संपली तरी पूर्वीचं काळं रान परत येणार नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डात एक राहतं घरच जमिनीत गडप झालं. जुन्या भूमिगत खाणीची पोकळी त्या भागाखाली होती. आजूबाजूच्या कुटुंबांना घरं सोडावी लागली. बंद झालेली खाण म्हणजे संपलेली खाण नव्हे, हे जमिनीच्या बाबतीतही खरं आहे.

शिवाय नवी वीज तिथंच उगवत नाही. महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प धुळे जिल्ह्यात साक्रीजवळ आहे. पवनचक्क्या साताऱ्यात वनकुसवड्याच्या पठारावर आणि सांगलीच्या ढालगाव परिसरात फिरतात. ऊन चंद्रपुरातही भरपूर आहे, उन्हाळ्यात तर नको तितकं. पण सौर प्रकल्प एकदा उभा राहिला की त्याला थोडीच माणसं लागतात. पाच हजार मजुरांच्या खाणीची जागा पाच डझन माणसांचं सौर शेत घेऊ शकत नाही, हे आधीच मान्य केलेलं बरं.

फायदा मात्र आपल्याकडंही येतो आणि त्याबद्दल बोलायला हवं. शेतीला रात्रीची वीज म्हणजे रात्री बॅटरी घेऊन पाणी पाजायला जाणं आणि आमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडाला त्याचा अर्थ सर्पदंश असाही होतो. आता त्यात जंगली हत्तींची भर पडली आहे. सौर पंपामुळं आणि सौर वाहिनीमुळं दिवसा पाणी पाजता आलं, तर तेवढे जीव वाचतील. हा लाभ आपण घेऊ आणि त्याची भरपाई चंद्रपूरकरांनी आपल्या फुप्फुसानं करायची, हे काही बरोबर नाही.

बाकीच्या देशांनी काय केलं? ब्रिटनमध्ये १९८४-८५ चा खाण कामगारांचा संप मोडला आणि खाणी धडाधड बंद झाल्या. फुप्फुसाच्या आजारांची जबाबदारी मान्य व्हायला १९९८ चा न्यायालयाचा निकाल लागला. त्यानंतर पाच लाखांहून जास्त दावे आले आणि अनेकांचे पैसे त्यांच्या विधवांच्या हातात पडले. जर्मनीनं २००७ मध्येच ठरवलं की खोल खाणीतला दगडी कोळसा २०१८ ला थांबवायचा. मधली अकरा वर्षं लवकर निवृत्ती, बदली, प्रशिक्षण यात घालवली आणि डिसेंबर २०१८ मध्ये बोट्रोपची शेवटची खाण बंद झाली. अमेरिकेत १९६८ च्या फार्मिंग्टन दुर्घटनेत ७८ माणसं गेली. पुढच्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियातले कामगार काळ्या फुप्फुसाच्या भरपाईसाठी संपावर उतरले आणि १९६९ चा केंद्रीय कायदा आला. १९७८ पासून तिथं प्रत्येक टन कोळशावर कर बसवून त्या पैशातून आजारी खाण कामगारांसाठी निधी चालवला जातो. तिथंही रडगाणी आहेत, निधी कर्जात आहे. पण तत्त्व साधं आहे: ज्या टनानं धूळ उडवली त्याच टनानं उपचाराचे पैसे द्यायचे.

आपल्याकडं असा उपकर होता. २०१० मध्ये टनाला ५० रुपयांनी सुरू झाला आणि २०१६ पर्यंत ४०० रुपयांवर गेला. नाव स्वच्छ ऊर्जेचं, पर्यावरणाचं. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि हा पैसा राज्यांच्या महसूल भरपाईकडं वळला. २०२५ मध्ये तो उपकर जाऊन कोळशावरचा जीएसटी वाढला. खाण कामगाराच्या छातीसाठी त्यातला ठरावीक रुपया कधीच राखून ठेवला गेला नाही. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा अजून आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणचालकांना रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम त्यात भरावी लागते आणि खर्चाच्या अग्रक्रमात आरोग्य स्पष्ट लिहिलेलं आहे. खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळ्या खात्यात पैसे ठेवणंही २००९ पासून आवश्यक आहे. त्यात खड्डे, मातीचे ढिगारे, पाणी, झाडं यांचा विचार होतो. ढिगाऱ्यावर झाडं लावायचा हिशेब आहे, तो ढिगारा रचणाऱ्याच्या श्वासाचा का नसावा?

मागायचं आहे ते फार नाही. खाण किंवा वीज संच बंद करण्याच्या निदान पाच वर्षं आधी तिथं काम केलेल्या प्रत्येक माणसाची, मग तो कायम असो की कंत्राटी, एकदा नीट तपासणी: छातीचा एक्स-रे, जो धुळीच्या आजाराच्या आंतरराष्ट्रीय नमुना-चित्रांशी ताडून वाचला जाईल, आणि फुंकून करायची स्पायरोमेट्री. दोन्ही तपासण्या जुन्या आणि स्वस्त. चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळं माणसंही आहेत. निकालाची एक प्रत कामगाराच्या हातात, ठेकेदाराच्या कपाटात नव्हे. आणि या नोंदीवर पुढची वीस वर्षं, तो देशात कुठंही गेला तरी, मोफत तपासणी आणि उपचार. खाणीतली बरीच माणसं बिहार, उत्तर प्रदेश, छत्तीसगडची आहेत. ती जातील तेव्हा त्यांचा खोकला चंद्रपूरच्या आकडेवारीत दिसणारच नाही, जसा मुंबईच्या आकडेवारीत आजऱ्याचा दिसला नाही. आंबेओहोळ आणि उचंगीच्या धरणग्रस्तांमुळं ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ ही मागणी आपल्या तालुक्याला तोंडपाठ आहे. खाणपट्ट्याची मागणी त्याच जातीची: आधी तपासणी, मग टाळं.

राखेबद्दलही थोडं. भारतीय कोळशात राख फार, अनेकदा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त. ती तलावात साठवली जाते. जुलै २०२२ मध्ये कोराडीच्या केंद्राचा खसाळ्याचा राख बंधारा फुटून राख शेतांत आणि ओढ्यांत गेली. संच बंद झाला तरी तलाव राहतो, उन्हाळ्यात सुकतो आणि उडतो. त्यावर माती आणि गवत बसेपर्यंत जवळच्या गावांना ‘प्रदूषणमुक्त’ म्हणू नये.

आता आपल्या वाचकांसाठी कामाचं. कोळसा लांब असला तरी धुळीची कामं जवळ आहेत. कोल्हापूरच्या फौंड्रीत वाळू चाळणारे, कास्टिंग घासणारे, दगडाच्या क्रशरवर आणि खाणींवर काम करणारे आपल्याच गावांतले आहेत आणि त्यांना सिलिकाचा धोका आहे. घरात असं कोणी असेल, किंवा जुने गिरणी कामगार असतील, तर त्यांचा प्रॉव्हिडंट फंडाचा कागद, ईएसआयचं कार्ड, गेटपास, पगाराची चिठ्ठी, जे सापडेल ते एका पिशवीत घालून ठेवा. कोणत्या खात्यात काम होतं हे घरच्या बायकांना बहुधा चांगलं आठवतं, कारण धुण्याला टाकलेले कपडे त्यांनीच झटकलेले असतात. ते लिहून ठेवा. धुळीच्या कामावर असताना तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, बारीक कण त्यातून आरपार जातात. पाणी मारून धूळ दाबणं आणि एन-९५ सारखा मास्क हेच उपयोगाचं. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर आधी थुंकी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. चढावर पूर्वी लागत नसलेला दम लागू लागला असेल तर स्पायरोमेट्रीचं विचारा. आणि डॉक्टरसमोर बसल्यावर बिडी किती हे जसं सांगता, तसंच कोणतं काम, कोणतं खातं, किती वर्षं, हे विचारायची वाट न पाहता सांगा.